बाईंचं चिपळूण आणि आपले फोटो

(धाड येथे १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, आजच्या मुलांनी काय शिकावं यावर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, माझ्या घरातली दोन मुलं माझं ऐकत नाहीत, बाकीच्यांना काय सांगू? मग त्यांनी विषय माझ्यावर सोडला. मी आज आपल्या नववीच्या सहलीबद्दल आणि चिपळूणच्या फोटोंबद्दल बोलणार आहे. यातली अर्धी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत माझी चूक आहे आणि ती मी आजवर आपल्या ग्रुपवर कधी लिहिली नाही. बाईंच्या समोर सांगायची, असं ठरवून आले आहे.

आधी सहल. डिसेंबर १९९४. पहाटे चार वाजता शाळेसमोर एसटीची लाल गाडी उभी होती. आपण शेहेचाळीस मुलं-मुली, तीन शिक्षक आणि बाईंचे मिस्टर. त्यांना आपण सगळे काका म्हणायचो. काका पाटबंधारे खात्यात होते, त्यांच्या नोकरीमुळेच बाई चिपळूण सोडून आपल्या धाडला आल्या होत्या. बाईंचं सासर आणि माहेर दोन्ही चिपळूणचं. वर्गात भूगोल शिकवताना त्या कोकणावर आल्या, की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू यायची नाही.

भोकरदन, औरंगाबाद, नगर, पुणे करत आपण साताऱ्याला पोचलो. प्रत्येकाच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी कराड, पाटण आणि कोयनानगर. तिथे लांबून धरण दाखवत काकांनी सांगितलं, की ही भिंत १०३ मीटर उंच आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे इथे मोठा भूकंप झाला होता. आपल्यातल्या एकाने लगेच विचारलं, "काका, आज कोणती तारीख?" सगळी गाडी हसली. पुढे कुंभार्ली घाट. त्या घाटात कोणाकोणाला काय काय झालं ते मी सांगत नाही, त्यातले दोघं आज प्रतिष्ठित नागरिक आहेत.

घाट उतरून खाली आलो आणि नदी दिसली. वाशिष्ठी. मला अजून आठवतं, आपण सगळे गप्प झालो होतो. आपल्याकडे डिसेंबरात नदीत गोटे असतात, फार तर एखादं डबकं. इथे हिवाळ्यात नदी भरून वाहत होती. तेव्हा बाईंनी पुलाजवळ गाडी थांबवून समजावलं. कोयना ही कृष्णेला मिळणारी नदी, तिचं पाणी खरं तर पूर्वेकडे जायचं. पण धरणातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला खाली सोडतात, पोफळीला त्यावर वीज तयार होते, मग ते कोळकेवाडीच्या धरणात येतं आणि तिथून वाशिष्ठीत. "म्हणजे तुमच्या घरातला दिवा लागतो तेव्हा आमच्या नदीला पाणी येतं," बाई म्हणाल्या. आपल्यातला एक पुटपुटला, "आमच्याकडे लाइटच नसते, तरी हिला एवढं पाणी?" बाईंनी ते ऐकलं होतं. आज कबूल करायला हरकत नाही, कोण होता तो?

त्या रात्री आपण तिथल्या एका शाळेत सतरंज्या टाकून झोपलो. बाईंच्या माहेरी सगळ्यांचं जेवण होतं. सोलकढी आपण सरबत समजून एका घोटात प्यायलो आणि एकमेकांची तोंडं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी परशुरामाचं देऊळ, गोवळकोटचा किल्ला, खाडीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर. मग गणपतीपुळे, समुद्र आणि परत.

सहलीचे फोटो काकांनी काढले. ३६ फोटोंचा एक रोल होता आणि तो सात दिवस पुरवायचा होता. त्यामुळे काका कॅमेरा डोळ्याला लावायचे, खूप वेळ बघायचे आणि फोटो न काढताच खाली ठेवायचे. आपण तोवर श्वास रोखून उभे. आल्यावर त्यांनी रोल धुऊन घेतला, ज्यांनी पैसे दिले त्यांना एकेक प्रत मिळाली. निगेटिव्ह आणि सगळ्या फोटोंचा एक संच बाईंकडे राहिला.

पुढे दहावी झाली, आपण पांगलो. मी शेगावला इंजिनियरिंग केलं, मग पुणे. निवृत्तीनंतर २००७ मध्ये बाई आणि काका चिपळूणला परत गेले. २०१० मध्ये काका गेले. ही बातमी मला कळली होती. पत्र लिहीन, फोन करीन म्हणत म्हणत मी काहीच केलं नाही.

आता माझी चूक.

२०१६ च्या डिसेंबरात मी घरच्यांना घेऊन कोकणात गेले. मुद्दाम चिपळूणला दोन दिवस राहिले, कारण मला मुलांना 'माझं चिपळूण' दाखवायचं होतं. तोच पूल, तेच परशुराम, तोच गोवळकोट. शेकड्यांनी फोटो काढले. बाजारपेठेतून चालताना, दुकानांच्या पाट्यांचेसुद्धा. बाईंचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. मी गेले नाही. दोन दिवसांत मला वेळ झाला नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की काका गेल्यावर इतकी वर्षं फोन केला नव्हता, आता कुठल्या तोंडाने जायचं, याची लाज वाटत होती.

मग २२ जुलै २०२१ आला. गुरुवार होता. आदल्या रात्रभर कोकणात आणि घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस झाला आणि पहाटेच वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं. त्यात समुद्राला भरती. बाजारपेठ, बसस्थानक, तळमजले, सगळं पाण्याखाली. चिपळूणने २६ जुलै २००५ चा पूर बघितला होता, पण हे पाणी त्याच्याही वर गेलं. टीव्हीवर तुम्ही बघितलं असेल, एसटीचे आगारप्रमुख तिकिटांची रोकड सांभाळत कित्येक तास बसच्या टपावर बसून होते. महामार्गावरच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून जास्त माणसं गेली.

मी पुण्यात घरून काम करत होते. दिवसभर बातम्या बघितल्या, वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. आणि संध्याकाळी मी काय केलं? २०१६ चे सगळ्यात सुंदर चाळीस फोटो निवडले, त्यात नववीच्या सहलीचा माझ्याकडचा एक फोटो मोबाइलवर टिपून घातला आणि वर चार ओळी लिहून फेसबुकवर आणि आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकले. माझं लाडकं चिपळूण, तू पुन्हा उभं राहशील, वगैरे. अर्ध्या तासात दीडशे लाइक आले. ग्रुपवर हात जोडलेले, रडणारे चेहरे आले. "किती छान लिहिलंस", "डोळ्यांत पाणी आलं". मी ते परत परत उघडून बघत होते.

रात्री अकरा वाजता आपल्या इथल्या किराणा दुकानदार मित्राचा मेसेज आला. त्याला नाव घेतलेलं आवडत नाही, म्हणून घेत नाही, पण तो कोण ते तुम्हाला माहीत आहे आणि तो आत्ता मागे जेवणाच्या पंगतीची व्यवस्था बघतोय. त्याने एकच ओळ लिहिली होती:

"फोटो लय भारी हायेत. पन बाईले फोन लागला का कोनाचा?"

शेहेचाळीस जणांच्या वर्गातले बत्तीस जण त्या ग्रुपवर आहेत. त्या दिवशी चिपळूणबद्दल शंभरेक मेसेज झाले होते. बाई चिपळूणमध्ये आहेत, हे एकालाही सुचलं नव्हतं. मला तर त्यांचं घर कुठे आहे तेही माहीत होतं. नंबर मात्र माझ्याकडे नव्हता. नंबर होता त्या एकट्याकडे, कारण दहावीनंतर दरवर्षी गुरुपौर्णिमेला तो बाईंना फोन करत आला होता. आधी एसटीडीवरून, मग मोबाइलवरून.

मी ती फेसबुकची पोस्ट रात्रीच काढून टाकली. कोणाला सांगितलं नाही. आज सांगते आहे.

रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही फोन लागला नाही. वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं. त्या वर्षीची गुरुपौर्णिमा नेमकी २४ जुलैला होती. त्या संध्याकाळी त्याचा फोन लागला, चाळीस सेकंद. बाई म्हणाल्या, "मी बरी आहे. वरच्या मजल्यावरच्यांनी पहाटे हाताला धरून वर नेलं. घर गेलं नाही, घरातलं गेलं. तू न चुकता फोन केलास, माझी गुरुदक्षिणा पोचली." त्याने हे ग्रुपवर जसंच्या तसं लिहिलं. मग सगळे हलले. पैसे जमले. काय पाठवायचं, हे त्याने बाईंनाच विचारलं, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कारण बाईंनी सांगितलं, "बिस्किटं नि पाण्याच्या बाटल्या खूप आल्या आहेत, त्या नकोत. एक गॅसची शेगडी, कुकर, दोन गाद्या. आणि माझा चष्मा वाहून गेला, नंबर सांगते, तो करून आणा."

ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या आधी, आम्ही गेलो. तो धाडहून पिकअप घेऊन पुण्याला आला, तिथून मी सोबत. महिना उलटला होता तरी घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. रस्त्याच्या कडेला कपाटं, फ्रिज, गाद्या, वह्या यांचे ढीग. सगळ्यावर एकच रंग, वाळलेल्या गाळाचा. ज्या बाजारपेठेत मी पाट्यांचे फोटो काढले होते, तिथे कोणतं दुकान कुठे होतं ते मला ओळखता येईना. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं वाचनालय, २०१३ चं साहित्य संमेलन ज्यांनी भरवलं होतं, त्यांची पुस्तकं २००५ मध्ये भिजली होती, ती या वेळी पुन्हा भिजली. बाई तिथल्या जुन्या सभासद. आपल्या घराआधी त्यांनी आम्हाला त्या पुस्तकांचंच सांगितलं.

मी आत गेले आणि बाईंच्या पाया पडले. पाच वर्षांपूर्वी येऊन न भेटता गेले, हे सांगणार होते, पण जमलं नाही. बाईंनी नवा चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केस पांढरे झाले की गं तुझे."

मग त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात अल्बम होते. २००५ च्या पुरात पाणी जिथवर आलं होतं ती उंची ठाऊक होती, म्हणून काकांनी अल्बम त्याच्या वरच्या कप्प्यात ठेवले होते. या वेळी पाणी त्या कप्प्याच्याही वर गेलं. चिकट पानांचे ते जुने अल्बम वाळून विटेसारखे झाले होते. एक पान सोडवायला गेलं तर फोटोचा रंगच पलीकडच्या पानाला चिकटून आला. लग्नाचे, मुलीच्या बारशाचे, धाडच्या शाळेतले, सहलीचे. कागद उरला होता, त्यावर माणसं नव्हती. निगेटिव्हची पाकिटंही तशीच. बाई शांत होत्या. फक्त म्हणाल्या, "बाकी काही नको गं. यांचा एकही फोटो राहिला नाही. चेहरा आठवतो अजून, पण उद्या नाही आठवला तर?"

तिथून परतताना गाडीत आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं आहे. ऑफिसात बॅकअपवर तासभर भाषण देऊ शकते. सगळ्या प्रती एका ठिकाणी ठेवू नयेत, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते. आणि आपल्या वर्गाच्या आठवणींची मूळ प्रत एका नदीकाठच्या घरात, एका कपाटात होती. मी इतक्या वर्षांत कधी मागितली नाही, की आपल्याकडचं काही बाईंना दिलं नाही.

त्या रात्री मी पुराने भिजलेल्या फोटोंचं काय करतात ते शोधत बसले. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली, तेव्हा तिथल्या यामामोतो नावाच्या गावात स्वयंसेवकांनी चिखलात सापडलेले लाखो फोटो गोळा केले, एकेक करून पाण्यात धुतले, वाळवले, स्कॅन केले आणि ज्यांचे होते त्यांना शोधून परत दिले. ओला फोटो कोरडा पडायच्या आत स्वच्छ थंड पाण्यात ठेवला तर एकमेकांना चिकटलेले फोटो बरेचदा सुटतात. हाताने ओढायचे नाहीत, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, उन्हात नाही तर सावलीत, चित्र वर ठेवून वाळवायचे. लगेच जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले तरी ते टिकतात. हे २२ जुलैला मला माहीत असतं आणि मी बाईंच्या कोणा शेजाऱ्यापर्यंत पोचवलं असतं, तर दोन-चार फोटो वाचले असते. मी त्या वेळी लाइक मोजत होते.

म्हणून मग उलट्या बाजूने सुरुवात केली. बाईंचे फोटो गेले, पण बाई आपल्या सगळ्यांच्या फोटोंत आहेत. ग्रुपवर लिहिलं: ज्याच्याकडे सहलीचा, स्नेहसंमेलनाचा, निरोप समारंभाचा जो फोटो असेल तो काढा. तुम्ही सगळ्यांनी ट्रंका उघडल्या, माहेरी फोन केले. देवघराच्या मागून, विम्याच्या कागदांतून, एकीने तर सासूबाईंच्या पोथीतून फोटो काढला. दोन महिन्यांत ६१ फोटो जमले. बाई ५२ फोटोंत होत्या. काका एकातही नव्हते.

कसे असतील? फोटो काढणारे तेच होते.

त्यानंतर दिवाळीत आपला किराणावाला मित्र दुकानाची साफसफाई करत होता. त्याने गल्ल्याच्या खणातून एक पाकीट काढलं आणि मला त्याचा फोटो पाठवला. "हा चालेल का? वाकडा आहे," असं लिहिलं होतं. परशुरामाच्या देवळाजवळ आपली गाडी उभी आहे. समोर आपण सगळे तीन रांगांत. क्षितिज तिरपं आहे, वर निम्मं आकाश, आणि कडेला, अगदी चौकटीला टेकून, पांढरा शर्ट घातलेले, एक हात कमरेवर ठेवून उभे असलेले काका. डावा खांदा कापला गेलाय. पण चेहरा पूर्ण आहे आणि ते हसत आहेत.

हा फोटो त्यानेच काढला होता. काकांनी त्याला जवळ बोलावून विचारलं होतं, "तू काढतोस का एक?" ३६ मधला एक फोटो त्यांनी पोराच्या हातात दिला होता. आल्यावर पैसे न घेता एक प्रत त्याला दिली आणि मागे लिहिलं, 'छायाचित्रकारास'. घरी सहलीची वर्गणी कशीबशी भरली होती, फोटोचे पैसे मागायची सोय नव्हती. त्याने आयुष्यात काढलेला तो पहिला फोटो. सत्तावीस वर्षं त्याने तो गल्ल्यात जपला होता.

तो मी नीट स्कॅन केला, मोठा करून घेतला, आणि आम्ही दोघं पुन्हा चिपळूणला गेलो. मूळ फोटो बाईंना द्यावा असं मला वाटत होतं, पण त्याच्यापुढे बोलायचं धाडस होत नव्हतं. त्यानेच खिशातून काढून बाईंच्या हातात ठेवला. बाईंनी तो मागून वाचला आणि त्याला परत दिला. "हा तुझा आहे, त्यांनी तुला दिलाय. मला मोठा केलेला पुरे." मग मोठ्या फोटोकडे खूप वेळ बघून म्हणाल्या, "अस्सेच उभे राहायचे."

त्यानंतर बाईंनी माझ्याकडे २०१६ चे फोटो मागितले. मी लाजत लाजत लॅपटॉप उघडला. देऊळ, किल्ला, सूर्यास्त त्यांनी भराभर पुढे ढकलले. बाजारपेठेतल्या पाट्यांच्या फोटोंवर थांबल्या. "हे इथे होतं बघ. याने पुरानंतर दुकान बंद केलं. हा अजून आहे, पण माल गेला त्याचा सगळा." शेजारच्या दोघी बायका आल्या, त्यांचा मुलगा आला. पडद्याला बोट लावून लावून त्यांनी आपली गल्ली पुन्हा मांडली. मी घरी येऊन त्या गल्लीतल्या प्रत्येक फोटोची प्रत काढली, मागे ठिकाण आणि तारीख लिहिली आणि बाईंकडे पाठवली. त्यातल्या काही आता त्या दुकानांत लावलेल्या आहेत. जे फोटो मी लोकांना दाखवायला निवडले होते, त्यातला एकही त्यांनी मागितला नाही.

चिपळूण आता उभं आहे. तिथल्या लोकांनी वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून उपोषणं केली, गाळ काढायला सुरुवात करायला लावली. धरणाच्या विसर्गावरून, पूररेषेवरून वाद झाले, अजून होतात. बाई दर पावसाळ्यात जून लागला की अल्बम वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतात. आणि त्या अल्बममधल्या सगळ्या फोटोंच्या प्रती आता धाडला एक, पुण्याला एक आणि इंटरनेटवर एक अशा आहेत.

तर मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. आपल्या आवडत्या गावावर संकट आलं, की आपला हात आधी फोटोंकडे जातो. तो प्रेमानेच जातो, त्यात काही पाप नाही. पण आधी फोन करा. मग काय हवं ते विचारा. आणि फोटो जगाला दाखवायच्या आधी, ज्यांचं ते गाव आहे त्यांच्याकडे पोचवा.

एक-दोन साध्या गोष्टी, माझ्या धंद्यातल्या. जुना फोटो मोबाइलने टिपताना खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून टिपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि त्यातली तारीख, ठिकाण निघून जातं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. काय लिहायचं? कोण, कुठे, कधी. 'गोड आठवणी' असं लिहू नका, तीस वर्षांनी त्यातून काही कळत नाही. आज शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल ठेवलं आहे, माझी मुलगी स्कॅनर घेऊन बसली आहे. ज्यांनी फोटो आणलेत त्यांनी जेवायच्या आधी तिच्याकडे द्या. मूळ फोटो लगेच परत मिळेल. धाडचा जुना बसस्टँड, बाजाराचा दिवस, आपल्या शाळेची जुनी इमारत, काहीही असो, घ्या. आपल्याकडे वाशिष्ठी नाही, पण वाळवी आहे, उंदीर आहेत आणि आपली विसरण्याची सवय आहे.

शेवटचं एक काम आहे, आणि ते तुम्हालाच करायचं आहे. मंडपाच्या दाराशी तो वाकडा फोटो मोठा करून लावला आहे. फोटो काढणारा त्यात नाही, बाकी आपण सगळे आहोत. बाईंनी त्याच्या मागे चव्वेचाळीस मुलांची नावं लिहिली आहेत. एक राहिलं आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी मुलगी. दोन वेण्या, रिबिनी, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली. ती नववीनंतर शाळेत आली नाही, एवढं बाईंना आठवतं. सहामाहीला तिला भूगोलात चांगले मार्क होते, तेही आठवतं. नाव आठवत नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये नावं आहेत, पण चेहरे नाहीत. आम्ही चौघी-पाच जणींनी खूप डोकं चालवलं, प्रत्येकीने वेगळं नाव सांगितलं.

सात दिवस ती आपल्यासोबत त्या गाडीत होती. जेवायला जाताना दाराशी दोन मिनिटं थांबा, नीट बघा. तुमच्या गल्लीतली असेल, तुमच्या बहिणीची मैत्रीण असेल, कोणाच्या तरी गावी नांदत असेल. कळलं तर आधी बाईंना सांगा. फोटोची एक प्रत तिच्यासाठी काढून ठेवली आहे.